पिकपला पत्रा

२२ सप्टेंबर
मासळी सुकवायचं खळं बघून आले. गुडघ्याएवढी घाण. बाटल्या, थर्माकोल, चपला, त्यावर गाळ. समुद्रानं सगळ्या मुंबईचं आणून आमच्या गोराईत टाकलंय. पंधरा दिवसांत पाऊस थांबेल, मग जवळा सुकवायला जागा पाहिजे. फावड्यानं उपसायला बसले तर दिवाळी येईल. कंबर तर आत्ताच गेली आहे.
जेसीबीवाला गल्ली बघूनच मागं फिरला. "मावशी, माझी गाडी आत येईल, पण तुमची घरं बाहेर जातील."

२३ सप्टेंबर
शेजारची शेवंती मोबाईल घेऊन आली. परदेशात कुठंतरी रस्ताभर बर्फ, आणि आपल्यासारखाच पिकप. पुढं लोखंडी पत्रा लावलाय, बर्फ ढकलत चाललाय.
"तुझ्याकडं पिकप आहे ना? मग बसलीस काय?"
"गाडी मोडली तर मासळी काय तुझ्या डोक्यावर नेऊ?"
"ने गं. डोकं तसंही रिकामंच असतं."
हसले. पण ते डोक्यातून जाईना.

२५ सप्टेंबर
गाडी जयवंतच्या नावावर — माझा दीर. नवऱ्यानं, दत्तारामनं, होडी विकून घेतली. तेव्हा ह्याचे कागद पुरे नव्हते, म्हणून भावाच्या नावावर. मग ह्याला अर्धांगवायू झाला. दोन वर्षं मीच चालवते. पहाटे उठायचं, मासळी भरायची, भाईंदरचा वळसा घालून बोरिवली. परत आलं की ह्याची अंघोळ, ह्याचं जेवण.
गणपतीपासून जयवंत मागं लागलाय — गाडी द्या, विकून टाकतो. मी म्हटलं, एवढा सीझन होऊ दे. "ठीक आहे. पण गाडीला काही झालं तर त्याच दिवशी नेईन, वहिनी." मेला टपून बसलाय.
गाडी गेली तर ताजी मासळी बंद. खळं साफ झालं नाही तर सुकट नाही, पावसाळ्यात चूल नाही. एक वाचवायला दुसरं पणाला लावायचं. काय करू?

२७ सप्टेंबर
उत्तनच्या रस्त्याला बळवंत वेल्डर आहे, त्याच्याकडं गेले. भंगारातला जाड पत्रा त्यानंच काढला. म्हणतो, बंपरला वेल्डिंग मारतो.
"बंपर पहिल्या धक्क्यात हातात येईल."
"मग चासीला भोकं पाडतो."
"आधी तुझ्या कपाळाला पाड."
शेवटी चासीला रबर गुंडाळलं आणि वरून यू-बोल्ट आवळले. भोक नाही, वेल्डिंग नाही. चार नट काढले की पत्रा बाहेर. पत्र्याच्या खालच्या कडेला जुन्या टायरची पट्टी, म्हणजे जमीन खरवडणार नाही.
बळवंत म्हणाला, "काकी, माझ्याकडं कामाला या."
घरचं आहे तेच काम उरकत नाही.

२८ सप्टेंबर
पाऊस. काही नाही.

२९ सप्टेंबर
लोखंडाच्या वजनानं गाडीचं तोंड खाली, मागची चाकं हलकी. चिखलात जागच्या जागी फिरली. मागं ओल्या वाळूची सहा पोती टाकली. मीच भरली, मीच चढवली. हात वर होत नाहीत.

१ ऑक्टोबर
नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं. पण त्यानं खाटेवरून खिडकीतून बघितलंच. जीभ जड आहे, दोन शब्दांना दोन मिनिटं लागतात. आधी वाटलं ओरडतोय. मग कळलं, विचारतोय — दगड लागला तर?
खरंच, गाळाखाली दगड असणारच. पत्रा अडकला तर धक्का सरळ चासीला.
त्यानं जेवणाचं ताट मांडीशी उभं टेकवलं, चांगल्या हातानं चमचा घेऊन खालच्या कडेला ठोकलं. ताट पुढं पडलं. "सुतळी," म्हणाला. मग आठवलं. खडकात होडीचा नांगर टाकायचे तेव्हा जाड दोर खाली बांधायचे आणि वर नुसती सुतळी. नांगर अडकला की सुतळी तुटायची, नांगर उलटा होऊन सुटायचा.
तसंच पत्र्याचं. मधे खीळ, तिच्यावर पत्रा फिरेल; वरची कड मागं गाडीला बारीक दोरीनं बांधायची. दगड लागला की दोरी तुटेल, पत्रा पुढं कलंडेल, गाडीला काही नाही.
मी जाड दोरी आणली तर डोळे वटारले. बारीक आणली तेव्हा मान हलवली. अर्धी गाठ त्याच्या हाताची, अर्धी माझ्या.

३ ऑक्टोबर
आज सुरुवात. दहा मिनिटांत इंजिनचा काटा वर. पत्रा उंच, जाळीला वाराच नाही. बंद केली, थंड होऊ दिली, बळवंतला बोलावून पत्रा वरून वीतभर कापला. दिवस गेला.

५ ऑक्टोबर
अर्धं खळं झालं. घाण गल्लीच्या तोंडाशी ढकलते, तिथून कचऱ्याची गाडी उचलते. शेवंती पुढं चालत काठीनं दगड बघते आणि ट्रॅफिक पोलिसासारखी हात करते.
एक दगड तिला दिसला नाही. खाडकन आवाज! दोरी तुटली, पत्रा लोळला. मी स्टेअरिंग घट्ट धरून बसले, मग उतरले. खाली वाकून बघितलं — काही नाही.
नवी दोरी बांधली. परत चालू.

८ ऑक्टोबर
झालं. पत्रा काढला, गाडी धुतली. खळं दिसायला लागलं. आनंद व्हायला पाहिजे, पण नुसती झोप येते.

९ ऑक्टोबर
दुपारी जयवंत आला. कोणीतरी सांगितलं असणार. गाडीखाली शिरून टॉर्च मारून बघितलं. मी कमरेवर हात ठेवून उभी.
"काही झालेलं नाही," म्हणाला. पण तोंड पडलेलं. "आता दादाला काय सांगू?"
"त्याला काय सांगायचंय?"
"मला गाडी कशाला पाहिजे, वहिनी? दादानंच गणपतीत हात धरून सांगितलं. गाडी घेऊन जा, नाहीतर ही राबून मरेल. आणि तिला माझं नाव सांगू नको."
आत गेले. तो जागा होता. विचारलं, खरं? मान हलवली.
"मग दोरीचं कशाला दाखवलंस? मोडली असती गाडी, जयवंतनं नेली असती, झालं असतं तुझ्या मनासारखं."
जड जिभेनं म्हणाला,
"तुला... लागलं असतं."
जयवंतला चहा द्यायचा राहिला.