आईच्या जपानी भेंड्या

आई, तुला जपानी येत नव्हतं हे सांगितलं तर आमच्या वर्गात कोणाला पटत नाही. मी आता इथेच, बंगळुरात, नव्या दुभाष्यांना शिकवते. दर तुकडीत पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतंच की तुम्ही कुठे शिकलात. मी म्हणते, थोडं वर्गात शिकले आणि उरलेलं स्वयंपाकघरात, आईकडून. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आई जपानला होत्या का. त्यांना काय सांगू? निपाणी सोडून तू पाहिलेलं एकच मोठं गाव म्हणजे बंगळूर, आणि तेही अण्णा गेल्यावर, माझ्या नोकरीपायी.

बनशंकरीतलं ते वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर मला अजून स्वप्नात दिसतं. तुला कानडी येत होतं, त्यामुळे आठवड्याभरात भाजीवाली तुझी मैत्रीण झाली आणि घरमालकीण तुला अक्का म्हणू लागली. परकी राहिले ती मीच. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे जपानी लोकांचा कारखाना होता, तिथे मी दुभाषी म्हणून लागले होते. वाचायला, लिहायला बरी होते, पण तोंड उघडत नसे. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत समोरची माणसं पुढच्या विषयावर गेलेली असत. आमचे जपानी साहेब फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी एकदा मला बोलावून अगदी मऊ आवाजात सांगितलं की गप्प राहणाऱ्या दुभाषीचा कारखान्याला उपयोग नाही, उन्हाळ्यापर्यंत बघू. घरी येऊन मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले. तू ताट वाढलंस आणि विचारलंस, "काय झालं ते जेवायच्या आधी सांगणार की नंतर?"

त्याहून मोठं संकट शनिवारी दुपारी असायचं. साहेबांच्या घरी कराओकेचं यंत्र होतं. पडद्यावर गाण्याचे शब्द उमटायचे, रंग बदलत पुढे सरकायचे, आणि माइक हातोहात फिरायचा. गाण्यांचं जाडजूड पुस्तक अक्षरांच्या क्रमाने लावलेलं होतं. त्यावरून त्या लोकांनी खेळच काढला होता: एकाने अक्षर द्यायचं, दुसऱ्याने त्या अक्षराचं गाणं म्हणायचं. माझी पाळी आली की मी हसून माइक पुढे सरकवायची. एका इंजिनियरने दया येऊन मला गाण्यांची एक कॅसेट दिली. ती मी घरी आणून ओट्याजवळ लावली. तू भाकरी थापत होतीस.

अण्णांच्या पाठीमागे तू गुणगुणणंसुद्धा सोडलं होतंस. म्हणून तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले आणि तव्यासमोर तुझा आवाज ऐकला तेव्हा केस पुसायचे राहून गेले. शब्द मोडकेतोडके होते, सूर मात्र जिथल्या तिथे. तू मला अक्षरं विचारलीस. मी म्हणून दाखवली: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तू पिठाचा हात थांबवून म्हणालीस, "ही तर आपलीच मुळाक्षरं. इतक्या लांबच्या प्रवासात काही सांडली असतील." त्या दिवसापासून आपल्या भेंड्या सुरू झाल्या. तू मराठी गाणं म्हणायचीस आणि ते जिथे संपेल त्या अक्षराचं जपानी गाणं मी म्हणायचं. महिन्याभरात तूही जपानीच म्हणू लागलीस. सुरुवातीला मराठी गाण्याच्या शेवटी 'ळ' आला की तू स्वतःच 'ल' करायचीस, आणि त्यांच्यात 'ल'ही नाही म्हटल्यावर उदार मनाने 'र' द्यायचीस. मी अर्थ आठवत बसले की रागवायचीस. "चुकायला घाबरतेस म्हणून गप्प बसतेस," म्हणाली होतीस एकदा, "आणि भेंडी चढते ती गप्प बसणाऱ्यावरच." वर्गात मला इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

मग साहेबांच्या बायकोचं सुरू झालं. तिला दिवस गेले होते, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, आणि तिची स्वतःची आई आजारी असल्याने येऊ शकत नव्हती. तिने खाणं टाकलं, मग बोलणंही. डॉक्टर आले की साहेब मला बोलवत, मी प्रश्न जपानीत विचारायची आणि ती भिंतीकडे तोंड करायची. विमानाने परत पाठवणंही धोक्याचं होतं. मी हे तुला घरी सांगितलं. रविवारी सकाळी तांदळाची मऊ पेज केलीस, मिठाखेरीज त्यात काही घातलं नाहीस, आणि डबा घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसलीस. तिच्या उशाशी बसून तू डबा उघडलास. ती वळली नाही. मग तू त्या कॅसेटमधलं एक गाणं म्हणायला लागलीस, आणि दुसऱ्या ओळीत तुझे शब्द इतके चुकले की तिने न राहवून, भिंतीकडे बघतच, ते दुरुस्त केले. तू पुन्हा चुकलीस. तिने पुन्हा दुरुस्त केले. तिसऱ्यांदा ती उठून बसली. पेजेचा वास घेऊन तिने मला सांगितलं की आजारपणात तिची आई अगदी अशीच पेज करते. मी तुला मराठीत सांगायला लागले, तर तू मान हलवून म्हणालीस, "समजलं मला."

त्यानंतर दर रविवारी तुम्ही दोघी आणि भेंड्या. ती म्हणायची 'सा', तू गायचीस. तू म्हणायचीस 'ता', ती गायची. ती तुला ओकासान म्हणू लागली, म्हणजे आई. मी बाजूला बसलेली असे, आणि दुभाषीला करण्यासारखं तिथे काहीच नसे.

तिचे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. साहेब मशीन सोडवायला मद्रासच्या बंदरात गेले होते. दुपारी त्यांचा ड्रायव्हर आपल्या दारात आला आणि आपण दोघी तशाच निघालो. नर्सिंग होममध्ये नर्सने मला दारातच अडवलं, लग्न न झालेल्या मुलीला आत सोडत नाही म्हणाली. तुला सोडलं. दार अर्धवट उघडं होतं. आत डॉक्टरीणबाई इंग्रजीत सांगतायत, मी बाहेरून ते जपानीत ओरडून सांगतेय, आणि ती घाबरून काहीच ऐकत नाहीये, श्वाससुद्धा धड घेत नाहीये. मग तुझा आवाज येतो, स्वयंपाकघरातला असतो तसा शांत. "का," तू म्हणतेस. "का," तू पुन्हा म्हणतेस. आणि ती गायला लागते. तुटक, कण्हत, पण गाते, आणि गाताना श्वास घेते. नर्स कानडीत म्हणते, "अम्मा, जरा हळू." डॉक्टरीणबाई म्हणतात, असू दे, गाऊ दे. कळ आली की गाणं थांबतं, कळ ओसरली की तू पुढचं अक्षर देतेस. मधल्या वेळात मी बाहेरून बोलत राहते, थांब, आता जोर लाव, आता सोड, आणि बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात येतं की मी मनात वाक्यं जुळवत नाहीये. ती आपोआप येतायत. दिवे लागायच्या आत तिला मुलगी झाली.

माझी जीभ सुटली ती त्या दारात. उन्हाळा आला आणि गेला, साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. शनिवारी माइक आला की मी गायले, चुकीचंही गायले. पुढे ती माणसं त्यांच्या देशी गेली, आणि काही वर्षांनी तूही गेलीस. आजवर मी जे कमावलं, जे शिकवलं, त्याच्या मुळाशी तुझा तो पिठाचा हात आहे. हे तुझ्यासमोर म्हटलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून इथे लिहिते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा आणखी एक लिहून ठेवते. त्या दिवशी मुलीचं रडणं ऐकू आलं आणि मी दाराच्या फटीतून आत पाहिलं. ती तुला ओकासान, ओकासान म्हणत होती आणि तू तिचं डोकं छातीशी धरलं होतंस. सगळे आनंदात होते, मीही होते. पण खरं सांगायचं तर, आई, बाहेर उभी असताना मी तुझ्यावर थोडी रुसले होते.