ओसरीवरचा शंकरपट

३ डिसेंबर १९५८

नऊ! हजेरीत नावं वीस आणि समोर डोकी नऊ. त्यातलं एक झोपलेलं.

काल शाळा तपासायला आलेले डिप्टी साहेब जीपमध्ये बसता बसता सांगून गेले — "मास्टरजी, फरवरी में फिर आऊँगा. बीस के बीस चाहिए. एक भी कम, तो मराठी कक्षा बंद. बच्चे हिंदी में बैठेंगे." बालाघाट जिल्हा हिंदी राज्यात राहिल्यापासून ही टांगती तलवार आहेच. वर हसत म्हणाले, "आपको परसवाडा की तरफ भेज देंगे, जंगल की हवा अच्छी है." हसण्यासारखं काय होतं त्यात! तरी मीही हसलो. लाज वाटते लिहायला.

संध्याकाळी घरोघर फिरलो. धान कापणी चालू, पोरं बांधावर. तेजराम म्हणाला, "मंग धान तुमी कापता का जी, मास्तर?" हा तेजराम म्हणजे गावातला बैलवेडा. पटाच्या शर्यतीत धावणारी पांढरी जोडी आहे त्याच्याकडं. बैलांना अंडी पाजतो आणि पोरीला, मैनाला, पाटी घेऊन द्यायला दोन महिने लावतो. काय बोलणार! पालथ्या घड्यावर पाणी.

६ डिसेंबर

आज माझे अकरा फरारी एकाच जागी सापडले. महादेवाच्या देवळामागे. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल घेऊन, दोऱ्या बांधून, शंकरपट खेळत होते. संक्रांतीनंतर गावोगाव पट भरतात, जोड्या धावतात — आत्तापासूनच ह्यांच्या अंगात आलंय. वर्गात तोंडातून शब्द न काढणारा दुलीचंद ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय! "हाण रे, हाण! गेली रे जोडी!"

मी काठी घेऊन गेलो होतो. पण उभा राहून पाहतच राहिलो. लहानपणी भंडाऱ्याकडं मीही हेच करत होतो.

८ डिसेंबर

केलं!

शाळेच्या ओसरीवर, भिंतीला लागून, चुन्यानं दोन लांब रेघा मारल्या. शंभर घरं. शेवटी गेरूची झेंडी काढली. वीस पोरं, दहा जोड्या. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. प्रत्येकानं घरून आपला बैल आणायचा.

नियम: जोडीतले दोघंही हजर, तर जोडी एक घर पुढं. दोघांनाही पाढा आला, आणखी एक घर. दोघांतला एक जरी आला नाही, तर जोडी जागेवर. पटात कसं — एक बैल बसला की जोडी बसली. जी जोडी झेंडी गाठील तिला तेजरामच्या छकड्यात बसून खऱ्या पटाला जायला मिळेल. तेजरामला विचारलं तर म्हणाला, "हौ, बसवीन की! मास्तर, तुमी बी आमच्यातलेच निघाले."

चिठ्ठीत तेजरामच्या मैनाबरोबर महागूची अनुसया आली. महागू भरवेलीच्या खाणीत असतो, रविवारी सायकलीनं घरी येतो. अनुसया म्हणाली, "गुरुजी, माह्या घरी बैल नाई. आमी आता पोळा नाई मांडत." दोन वर्षांपूर्वी त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली, माझ्या ध्यानातच नव्हतं. मी म्हणालो, काही हरकत नाही, मातीचा कर. दुपारी करून आणला. शिंगं जरा मोठीच झाली आहेत.

जोडीत एक रंगवलेला लाकडी, एक ओल्या मातीचा. काही आया बघून गेल्या.

१५ डिसेंबर

सतरा हजर! मी न बोलावता! धान कापून, चुरणी — मळणी — अर्धी टाकून आले.

२ जानेवारी १९५९

खरं सांगू, माझी मास्तरकी अकरा वर्षांची, पण असं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी शाळा उघडायला जावं तर पोरं आधीच ओसरीवर, आपापले बैल पुसत बसलेली. पाढे पाठ करायला कोणी सांगत नाही — जोडीदारच मानगूट धरतो.

मैना पाढ्यात कच्ची. सातच्या पाढ्याला सात-सत्ते आलं की गाडी चिखलात. अनुसयानं तिला तेराचा पाढा म्हणे धान कांडताना शिकवला. मुसळाच्या ठोक्याला एक आकडा. आज मैनानं अख्खा म्हटला आणि स्वतःच इतकी दचकली की तोंडावर हात ठेवून खाली बसली. सगळा वर्ग हसला. मीही.

अनुसया रोज सकाळी वाट वाकडी करून मैनाच्या दारात उभी राहते. "चाल वो मैने, जोडी बसंल आपली!" — ही हाक आता मला शाळेतनं ऐकू येते. ती अंगणाच्या आत जात नाही. मैना बाहेर येते.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. तरी सहा पोरं ओसरीवर येऊन बैल बघून गेली.

२३ जानेवारी

परवा दुलीचंदनं आपल्या जोडीदाराला, हिरालालला, बाभळीच्या फोकानं झोडलं. हिरालाल मामाकडं गेला होता, दोन दिवस जोडी जागेवर राहिली, म्हणून! पाठीवर वळ उठलेत. मी दुलीचंदला दोन थपडा दिल्या आणि विषय संपवला. खेळ म्हटला की एवढं तेवढं चालायचंच.

आज हिरालाल पायात काटा रुतलेला, टाच सुजलेली, तरी हजर. दुलीचंदनं पाठंगुळीला घेऊन आणला. मला बरं वाटलं. आता वाटतं, बरं वाटायला नको होतं का? एक दिवस आजाऱ्याला सूट द्यावी, असा नियम करावा असं मनात आलं. पण सूट दिली की अर्धा वर्ग आजारी पडेल. ओळखतो मी ह्या पोट्ट्यांना.

२ फेब्रुवारी

निरोप आला. डिप्टी साहेब ११ तारखेला, बुधवारी येणार.

आठवडाभर अठरा, एकोणीस, अठरा. वीस काही होत नाही! पोरांना सांगितलं — त्या दिवशी जो चुकेल त्याची जोडी बाद. मागं नाही, बाद. पटाबाहेर. अनुसया-मैना पंचाहत्तराव्या घरावर आहेत, सगळ्यांच्या पुढं.

११ फेब्रुवारी

तपासणी झाली. हजर वीस. वर्ग राहिला.

१२ फेब्रुवारी

मैना आली नाही. ताप आहे म्हणे. अनुसया आली, पण बैलाकडं पाहिलंही नाही.

१३ फेब्रुवारी

मैना गेली.

हिवताप डोक्यात चढला. सकाळी झटके आले. तेजरामनं पटाची पांढरी जोडी छकड्याला जुंपली, पोरीला तिच्या आईच्या, गोदाबाईच्या, मांडीवर देऊन हट्ट्याच्या स्टेशनाकडं सुटला — बालाघाटची गाडी गाठायला. लोक सांगतात, असे बैल त्याने पटातसुद्धा कधी हाकले नव्हते. तोंडाला फेस आला होता बैलांच्या. हट्टा दिसायच्या आत संपलं.

परत येताना तो बैलांच्या पुढं पायी चालत आला.

१६ फेब्रुवारी

भेटायला गेलो. अंगणात बायाबापड्या. गोदाबाई भिंतीला टेकून, आवाज पार गेलेला. मला पाहून म्हणाली, "आमी लाखोरी उपटाले गेलतो जी मास्तर. तिले सांगून गेलती, उठू नोको बाई. पांघरून घालून गेलती. थे महागूची पोरगी आली अन् वढत घेऊन गेली. वढत!"

बाया म्हणाल्या, हौ, वढतच. कोणी म्हणालं, जोडीचं भूत शिरलं होतं तिच्या अंगात. कोणी आणखी काय काय म्हणालं — अनुसयाच्या घराण्याचं, तिच्या मातीच्या बैलाचं. मातीचा बैल अशुभ म्हणे. तेजरामनं फक्त एकदा विचारलं, "मास्तर, त्या दिवशी वर्गात कशी होती जी पोरगी?"

मी म्हणालो, बरी होती.

चोराच्या मनात चांदणं.

१९ फेब्रुवारी

अनुसया तिसऱ्या दिवशीही नाही. पोरं ओसरीवर येतात, बैलांना हात लावत नाहीत. सगळ्या जोड्या जिथल्या तिथं. नव्वदाव्या घरावर लाकडी आणि मातीचा, शेजारी शेजारी.

पुसून टाकावं म्हणून ओला बोळा घेतला. दुलीचंद आडवा आला. "नोका पुसू गुरुजी." बस, एवढंच. बोळा ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी

रविवार. महागू घरी असेल म्हणून गेलो. खाटेवर बसायला दिलं, पाणी दिलं, मी प्यालो. म्हणाला, "गुरुजी, पोट्टी दहा दिवसांपासून जेवत नाई. नुसती म्हणते, मीच नेलं तिले. विहिरीवर बाया तिच्यासमोर थुकतात. इथं नाई ठेवत आता. पुढच्या रविवारी भरवेलीले घेऊन जातो, खाणीवर गोटे फोडंल. शाळा पुरे झाली."

अनुसया दाराआड होती. मी तिला बोलावलं. डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, बाळ, तुझी काही चूक नाही. ताप कोणाच्या हातात असतो का? देवाच्या — नाही, देवाचं नको म्हणून मध्येच थांबलो. म्हणालो, तू शाळेत ये. तू वर्गात पहिली आहेस.

ती माझ्याकडं पाहत राहिली. नुसती पाहत राहिली. मग आत गेली.

वाटेत मला वाटलं, चांगलं बोललो आपण. असं वाटलं हे लिहून ठेवतो.

२६ फेब्रुवारी

डिप्टी साहेबांचं पत्र. पूर्ण हजेरी पाहून फार संतोष झाला. हा जोडीचा खेळ जिल्ह्यातल्या आणखी शाळांत चालवावा असं त्यांचं मत आहे. नियम सविस्तर लिहून पाठवा. शेवटी — "आप जैसे शिक्षकों की आवश्यकता है."

कागद घेऊन बसलो. 'नियम पहिला' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना.

२७ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर अनुसया नाल्यावर भांडी घासताना दिसली. एकटीच. मी थांबलो. विचारलं, जेवतेस का?

तिनं मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "गुरुजी, मी कोणालेच नाई सांगतलं."

मी तिथून आलो. पळत नाही, पण जवळजवळ पळतच.

१ मार्च

सकाळ. ११ तारखेचं खरं आता लिहितो, तिथं एकच ओळ लिहिली होती.

त्या दिवशी अनुसया एकटीच आली होती. दारातूनच म्हणाली, "गुरुजी, मैनीले लय ताप हाय. तिची माय उठू नोको म्हनून गेली. तिले आज राहू द्या." मी डोकी मोजली. एकोणीस. रस्त्यावर जीपची धूळ दिसत होती. मीच म्हणालो — जा, घेऊन ये तिला. उठत नसेल तर ओढून आण. नाहीतर तुमची जोडी बाद. अनुसया रडायला लागली. मी दरडावलं. ती गेली. अंगणाच्या आत जायची नाही कधी, त्या दिवशी घरात गेली.

मैना आली. अंगावर घोंगडी. मी तिच्या कपाळाला हात लावला होता. चटका बसला होता. साहेबांनी तेराचा पाढा विचारला, तिनं उभं राहून पूर्ण म्हटला. साहेब म्हणाले, शाबाश बेटी. वीस.

अकरा वर्षांच्या पोरीनं अठरा दिवस माझं नाव घेतलं नाही.

महागू दहा वाजता निघणार. आधी गोदाबाईच्या अंगणात जातो, मग त्याच्या घरी. वही बरोबर नेतो. तोंडून निघालं नाही, तर हे पान वाचून दाखवीन.