विहिरीतलं वासरू

माय,

काल संध्याकाळी शहाद्यात तुझं गाणं ऐकलं. बसस्टँडजवळ एक नेपाळी बाई मोमोची गाडी लावते, ती भांडी पुसता पुसता गुणगुणत होती. नेपाळचं जुनं लोकगीत, तिकडे सगळ्यांना येतं. तू ते कापसाच्या जिनिंग मिलच्या नेपाळी वॉचमनच्या बायकोकडून उचललेलं. तुमची दोघींची कपडे धुवायची वेळ एक होती, एवढीच ओळख. तिला अहिराणी येत नव्हती, तुला नेपाळी. तरी तू घरी येऊन मला अर्थ सांगितलास. "त्यासनं छ म्हणजे आपलं शे. मंग काय अवघड शे त्यामां?" दोन्हींचा अर्थ 'आहे', तेवढ्यावर तुझं भागलं. आणि मग, "वासरू हिरमां पडेल शे. त्याले सोडीसन ती बाई जाई नई ऱ्हायनी."

गाण्यातला शब्द आहे भीर. म्हणजे डोंगराचा कडा. तू हिर ऐकलंस, म्हणजे आपली विहीर. मी सर्व्हेचं काम करते, जमिनीचे उतार मोजते, म्हणून खात्रीने सांगते, आपल्या ब्राह्मणपुरीच्या सपाट रानात वासरू पडेल तर विहिरीतच पडेल. तुला ते तसंच सोडवेना, म्हणून शेवटी तू एक ओळ स्वतःची घातलीस. तिच्यात चार बाया दोर टाकतात आणि वासरू वर येतं. मूळ गाण्यात असं काही नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला मी पुण्याच्या दोन मैत्रिणींना घरी आणलं, तो दिवस. तू चुलीपुढे बसली आहेस, कळण्याची भाकरी थापते आहेस, आणि गाते आहेस. त्यांना चाल ओळखीची निघते. कुठल्याशा शिबिरात शिकलेली. 'हिर' आलं तशा त्या एकमेकींकडे बघून हसतात. मी म्हणते, "आई, ते विहीर नाही, कडा आहे. माहीत नसेल तर म्हणू नये." जन्मात पहिल्यांदा मी तुला आई म्हटलं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "आठे कडा कोठे शे वं?" इथे कडा नव्हताच. मग तू विचारलंस, "मंग ते वासरू निंघस का नई?"

"गाण्यात तेवढंच आहे."

"बरं माय," म्हणालीस, आणि त्यांच्या ताटात भरीत वाढलंस, दोनदा.

पुढच्या सुट्टीत तू गात नव्हतीस. त्याच्या पुढच्याही. माझ्या लक्षात आलं होतं. विचारता आलं असतं, विचारलं नाही. तुला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

काल त्या मोमोवाल्या बाईला मी शब्दाचा अर्थ विचारला. तिने हाताने उभा डोंगर दाखवला. म्हणजे माझंच बरोबर होतं. मी तुझ्या विहिरीचं सांगितलं, तर ती इतकी हसली की शेजारचा पाणीपुरीवाला बघायला लागला. "अरे दीदी, गिरनेवाला तो दोनों में गिरेगा! आपकी माँ ने निकाला न उसको? हमारे यहाँ तो बेचारा आज तक वहीं खड़ा है." मग म्हणाली, वो लाइन सुनाओ. मी म्हटलं, येत नाही. येते. पण मी ती मोठ्याने कधीच म्हटलेली नाही, आणि कालही तोंड उघडलं नाही.

हे मी मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, प्रमाण मराठीत, कारण अहिराणी मला लिहिता येत नाही. ही पानं कुठे जाणार नाहीत. तेव्हा एक गोष्ट लिहूनच टाकते. त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवाळीच्या वर्षभर आधीपासून माहीत होता. मोबाइलवर शोधला होता. तेव्हा तुला सांगितला नाही, कारण मला तुझी विहीर आवडली होती. त्या दोघी हसल्या नसत्या, तर कधीच सांगितला नसता.