निकाल फिरवणाऱ्या पुतण्याच्या वारशाबाबत

दिनांक १९ जुलै २०२५, शनिवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. या वेळी सिंदेवाही येथील आमच्या शाळेच्या मैदानावर माझा पुतण्या राजदीप, जो तिथे इतिहास व नागरिकशास्त्र शिकवतो, त्याने माईक हातात घेतला आणि सगळ्या मुलांसमोर शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीचा खोटा निकाल वाचला. मी पाहुणी म्हणून व्यासपीठावर बसले होते. हे मृत्युपत्र त्या निकालामुळे लिहिले जात आहे, माझ्या तब्येतीमुळे नाही. तब्येत उत्तम आहे. ज्यांना वाट पाहायची आहे त्यांनी बसून पाहावी.

मी, केसर खुशाल निमगडे, वय ६७, अविवाहित, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने नव्हे तर माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते की, माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी. २०१७ साली मी सर्व काही राजदीपच्या नावे करणारे मृत्युपत्र केले होते. ते रद्द करते. ते लिहिताना मी शुद्धीत होते, माहितीत नव्हते.

१. मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे एखादी मुलगी खोटे बोलली तर सिस्टर तिला मारत नसत. सगळ्या वर्गासमोर उभे करून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावत, ती रडेपर्यंत. ही पद्धत मी तेहतीस वर्षे वापरली. मुलांनी मला मागे काय काय नावे ठेवली ते मला माहीत आहे, आणि त्यांतली दोन चांगली होती. राजदीप सात वर्षांचा असताना त्याचा बाप, माझा भाऊ, वारला आणि तो माझ्याकडे आला. त्याला मी वाढवले, शिकवले, आणि मी निवृत्त झाल्यावर माझ्याच खुर्चीवर तो बसला. एवढी ओळख पुरे.

२. काय घडले ते लिहिते, कारण पुढे तो वेगळे सांगेल.

मतदान मोबाइलवर झाले. राजदीपने बनवलेल्या या मतदान यंत्राला जिल्ह्याचे नवोपक्रमाचे बक्षीस आहे. फोटोवर बोट ठेवले की टूं वाजते. नववीतली चंदा लालसू आत्राम, गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडची, घरी गोंडी बोलणारी, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, मुख्यमंत्रिपदाला उभी होती. तिच्यासमोर आयुष, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचा नातू. निकाल मी यंत्रावर स्वतः पाहिला. चंदाला आयुषच्या दुप्पट मते होती. मी मुख्याध्यापकांबरोबर चहाला गेले. परत येऊन व्यासपीठावर बसते तो राजदीप माईकवर सांगू लागला की आयुष सर्वानुमते मुख्यमंत्री झाला आहे आणि चंदा स्वच्छता मंत्री.

टाळ्या झाल्या. नंतर वऱ्हांड्यात चंदा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. मी मागेच होते.

"सर, यंत्रात तं माह्या नावापुढी जास्त होते."

"हो बेटा. पण मुख्यमंत्र्याले पंधरा ऑगस्टले भाषण द्या लागते. सचिवसाहेब येतात, पाहुणे येतात. तुले मंत्री करून राह्यलो ना?"

"मंग मतं काऊन घेतले?"

"सराव होता तो. लोकशाहीचा सराव."

मुलगी रडली नाही. तिने मान हलवली, जशी आपण दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवतो. तेहतीस वर्षे मी ज्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवले तो पूर्ण वर्ग मला त्या मानेत नापास झालेला दिसला. त्याआधी, यंत्रावर आकडे दिसताच, तिने वसतिगृहाच्या बाईंच्या फोनवरून बापाला कळवले होते. लालसूने गावात सांगितले. पंधरा ऑगस्टला तिचे भाषण ऐकायला गावातली माणसे जीप करून येणार आहेत. त्यांना अजून कोणी काही कळवलेले नाही. कळवण्याची हिंमत लागते, आणि ती नवोपक्रमात बसत नाही.

३. त्याच दिवशी घरी विचारले. राजदीप म्हणाला, "आत्या, माह्या नोकरीची मान्यता सचिवसाहेबाच्या सहीवर अडून हाय. पोटावर पाय पडते." त्याची बायको रिना म्हणाली, "लेकराईचा खेळ होता आत्याबाई, तुमी काऊन एवढ्या तापून राह्यल्या?" मी म्हटले, "मंग घर बी सचिवसाहेबालेच मागा."

रिनाला माझा कुकर द्यावा. त्याची शिटी होत नाही. घरात एक तरी वस्तू गप्प राहील.

४. राजदीपच्या मतांबद्दल माझी तक्रार नाही. त्याची मते सुंदर आहेत. चौदा एप्रिलला तो समतेवर असा बोलतो की बायका डोळ्याला पदर लावतात. माझ्या वडिलांनी, ज्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, संविधानाची प्रस्तावना चौकटीत लावली होती. ती चौकट त्याला देऊ नये. त्याला ती पाठ आहे.

उलट वारलू गुरनुले. माझ्याबरोबर नागरिकशास्त्रच शिकवणारा. त्याची मते मला आजही ओकारी आणतात. "या देशाले दांडूवाला पाहिजे बाई, मतदान-फितदान काई कामाचं नाई," असे तो वर्गातसुद्धा बोलायचा, आणि मुलांना म्हणायचा, "पटत नाई? मंग उठ, सांग काऊन नाई पटत." मुले उठायची. तास संपला तरी भांडण चालू असायचे. एकदा वर्गाने मॉनिटर म्हणून अशा पोराला निवडले जो वारलूच्याच चालण्याची नक्कल करायचा. वारलूने तोंड वाकडे केले, खडू त्या पोराच्या हातात दिला आणि म्हणाला, "ये बाबू, आता तूच मालक." आम्ही दोघे अकरा वर्षे एकमेकांशी बोललो नाही. पण ज्याचा लोकशाहीवर काडीचा विश्वास नव्हता त्याच्या वर्गात ती होती, आणि जो तिची आरती करतो त्याच्या वर्गात तिचा गळा आवळला जातो. शिक्षकाच्या मनात काय आहे हे मुलांना भाषणातून कळत नाही. त्याची गैरसोय झाली की तो काय करतो यातून कळते.

साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात, म्हणून वारलूला साक्षीदार केले आहे. नाहीतर माझी आरामखुर्ची त्याला द्यावी लागली असती.

५. पुस्तके व भिंतीवरचे नकाशे चंदाला. सोबत माझे वहाणांचे नवे जोड. मापाचे नसतील, तिने वाढावे.

६. बँकेतील रक्कम अ‍ॅड. रंजीता दुर्गे यांच्या ताब्यात राहील. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच करतील. माझ्या वर्गात त्या सर्वांत भांडखोर होत्या, तेवढा एकच गुण मी त्यांच्यात पाहिला, आणि तो इथे लागेल. या रकमेतून माझा अंत्यविधी साधा करावा. राजदीपने तिथे भाषण करू नये. रडायचे असल्यास मागे उभे राहून रडावे.

७. घर. तीन खोल्या, अंगण, विहीर.

राजदीपने १५ ऑगस्टला झेंड्यासमोर, त्याच माईकवर, सचिव समोर बसलेले असताना, "मी निकाल फिरवला, निवडून चंदा आली आहे" हे वाक्य म्हटले आणि चंदाला तिच्या बोलीत बोलू दिले, तर घर त्याचे. प्रेमाने नाही, व्यवहाराने. त्याची मान्यता गेली तर याच घरात बसून जेवावे, मी वाढीन, आणि रोज बोलेनही.

न म्हटल्यास घर गडचिरोलीकडून इथे शिकायला येणाऱ्या मुलींच्या राहण्यासाठी जाईल. व्यवस्था रंजीता पाहतील. राजदीपला त्या घरावर एकच हक्क राहील. दर शनिवारी तेथील अंगण झाडावे. त्याला मी त्या घराचा स्वच्छता मंत्री नेमते. निवडणूक घेतली जाणार नाही.

हे मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

केसर खुशाल निमगडे (सही)

साक्षीदार:
१) वारलू गुरनुले, सेवानिवृत्त शिक्षक, सिंदेवाही (सही). मजकूर मान्य नाही, सही खरी आहे.
२) हर्षा घोनमोडे, शेजारीण, सिंदेवाही (सही)

स्थळ: सिंदेवाही
दिनांक: २ ऑगस्ट २०२५

प्रत: राजदीप निमगडे, यांच्या हातात.

राजदीप, तुझे उत्तर गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला लेखी पाहिजे. शाईने, तुझ्या अक्षरात, खाली पूर्ण नावासह. मोबाइलवरचा अंगठा, "बघतो" आणि "सचिवसाहेबाले विचारून सांगतो" ही उत्तरे धरली जाणार नाहीत. लालसूची जीप पहाटे निघते. निघायचे की नाही हे मला त्याला त्या संध्याकाळी सांगायचे आहे, आणि ते कोणामुळे हेही सांगायचे आहे. हो किंवा नाही, एवढेच लिही.