लोटनभाऊवरचं अठरा मिनिटांचं गाणं

५ जानेवारी, रविवार. धुळे.
ठरलं. वेडावर गाणं करायचं. प्रोग्रेसिव्ह रॉक, मराठीत, अठरा मिनिटं, चार भाग. खानदेशात असलं कुणी केलेलं नाही. सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, अठरा मिनिटं ऐकणार कोण? बायकोच असं बोलते, तिथे आमच्या देवपूर भागात कला काय वाढणार.
ड्रमला हसीब. एरवी लग्नाच्या बँडमध्ये असतो. लगीनतिथी सोडून कधीही, म्हणाला.

७ जानेवारी.
शब्द सुचत नाहीत. ‘मनाचा काळा समुद्र’ एवढंच झालं. समुद्र मी एकदाच पाहिलाय, उलट्या होत असताना. अस्सल प्रेरणा पाहिजे.
दाढी करताना लोटनभाऊ आठवला. माझा थोरला चुलतभाऊ. शिंदखेड्याला बियाण्यांचं दुकान आहे. मी कॉलेजात असताना त्याचं डोकं फिरलं होतं, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरात तो विषय कुणी काढत नाही. एवढं मटेरियल घरात पडून, आणि मी समुद्र लिहीत बसलोय.

१२ जानेवारी, रविवार. शिंदखेडा.
निराशा. लोटनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून भुईमुगाचं बियाणं विकत होता. भरीत-भाकरी खाऊ घातली. मी त्याचे डोळे निरखून पाहिले. साधे डोळे.
शेवटी विचारलंच, वेड लागतं म्हणजे नक्की काय होतं? रागावला नाही. म्हणाला, “मी याडा नव्हतू रे कुंदन, आजारी व्हतू.”
मग सांगितलं. तेव्हा तो खोलीबाहेर यायचाच नाही. भिकुकाकू, म्हणजे त्याची आई, बंद दाराला पाठ लावून दुपारभर बोलत बसायची. कांदा काय भावाने गेला, शेळी व्याली का. तेवढंच खरं वाटायचं, म्हणाला.
बस, एवढंच. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये शेळी बसत नाही.

१५ जानेवारी.
आता स्वतःच वेडाचा अनुभव घेणार. झोप कमी, जेवण कमी, कोरा चहा. ऑफिसात दुपारभर भिंतीकडे बघत बसलो. साहेबांना काही वेगळं जाणवलं नाही.

२० जानेवारी.
हात थरथरतात. उत्तम प्रगती. सारिका म्हणते डॉक्टरकडे चल. तिला प्रक्रिया समजत नाही.

२४ जानेवारी.
गाणं पूर्ण. नाव: ‘लोटन’. सारिकाने वाचलं आणि विचारलं, त्याची मुलगी शाळेत जाते, तिला कोणी काही म्हटलं तर? नाव घेतलं तर माहेरी जाईन, असंही म्हणाली. गाण्याचं नाव बदललं. शब्द दिला.
तरी प्रस्तावनेत थोडा उल्लेख करावाच लागेल. प्रस्तावना म्हणजे गाणं नव्हे.

२८ जानेवारी.
जळगावच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला वेळ मिळाली. त्यांनी सहा मिनिटं दिलीत. एकदा सुरू झालं की थांबवणार कोण? लोटनभाऊला फोन करून पहिल्या रांगेत बोलावलं. तो रडेल. कलावंताने तयारी ठेवावी.

२ फेब्रुवारी, रविवार.
कालचं लिहून ठेवतो. तटस्थपणे.
हसीब आला नाही. चोपड्याला वरात होती. मी एकटाच, गिटार घेऊन. माइकवर म्हणालो, हे गाणं माझ्या भावावर आहे, त्याला वेड लागलं होतं, तो इथेच समोर बसलाय. सगळा हॉल वळून बघायला लागला. लोटनभाऊ मांडीवर हात ठेवून खाली बघत बसला. सारिका उठून बाहेर गेली.
मी सुरू केलं. दुसऱ्या भागात हसायचं होतं, हसलो. मग जमिनीवर लोळायचं होतं, लोळलो. तेव्हा डोळ्यांपुढे खरंच अंधारी आली आणि उठताच येईना.
लोटनभाऊ स्टेजवर चढला. गिटार बाजूला ठेवली, माझा हात धरला. माइकमध्ये म्हणाला, “याले बरं वाटत नही. कोनी पानी द्या.” मग मला म्हणाला, “चाल, घर चाल. मी शे ना तुना संगे.”
तेवढ्यासाठी टाळ्या पडल्या.
बसस्टँडपर्यंत त्याने हात सोडला नाही. मीही सोडवला नाही. गर्दी होती.

३ फेब्रुवारी, सोमवार.
सारिका माहेरी, शिरपूरला. फोन उचलत नाही.
लोटनभाऊचा फोन आला. त्याच्या मुलीला शाळेत कुणी काही बोललं का, हे विचारायचं होतं, विचारलं नाही. त्यानेच विचारलं, “झोप लागस का?”
मी म्हटलं, भाऊ, मला काही झालेलं नाही. ती अॅक्टिंग होती.
तो म्हणाला, “हा. मीबी तव्हय असंच सांगे.”
उद्या तो मला डॉक्टरकडे नेणार आहे. त्याचं मन मोडवत नाही, म्हणून जातोय.
झोप येईपर्यंत फोन ठेवू नको म्हणाला. मग शिंदखेड्यात कपाशी काय भावाने जाते, ते सांगत बसला. मी ऐकत होतो.