आभाराचं पान

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोकला कमी झाला का, ते आधी कळव. बाबांचं म्हणणं असं की, बाइंडिंगच्या खळीचा वास आल्याशिवाय तू बरी व्हायची नाहीस.

आपल्या लूथरन मंडळीचं चौथं पुस्तक छापून झालं. विश्वासाचे धडे शिकवणारी मुलांसाठीची प्रश्नोत्तरं आहेत, समुद्रापलीकडच्या मिशनसाठी, तिकडच्या भाषेत. तर्जुमा तिथल्या एका शाळामास्तरांचा. त्यांच्या पत्नीने मूळ न बघता तो पुन्हा आपल्या भाषेत उतरवला आणि मी तो मुळाशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. दोन वर्षं माझा प्रत्येक शनिवार उपासनामंदिरामागच्या त्या खोलीत गेला. कॉलेजात शिकलेलं कुठे कामी आलं असेल तर तिथे.

आपली पद्धत तुला माहीत आहे. पुस्तकाच्या शेवटी आभाराचं पान असतं, हातभार लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात येतं आणि रविवारी ते वाचून प्रार्थना होते. मास्तरांनी स्वतःचं नाव नको असं दोनदा लिहिलं. इतका विनयी माणूस मी पाहिला नाही. पण चहा करणाऱ्यांचं नाव छापायचं आणि ज्यांनी सगळं केलं त्यांचं नाही, हा अन्याय आहे, असं मी समितीत बोलले. आत्या, पहिल्यांदाच सगळ्यांनी माझं ऐकलं. त्यांचं नाव, शाळा, गाव, सगळं सर्वांत वर छापलंय. छापलेले फर्मे बांधणीसाठी तुझ्याकडे पोचले असतीलच.

तुझ्या मायेची सवय लागलेली,
मुंगी


१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला जिथल्या तिथे आहे. तुझ्या बाबांना सांग, खळीला वास नसतो, तो सरसाला असतो. पन्नाशी उलटली तरी त्याला बहिणीचा धंदा कळलेला नाही.

पाचशे प्रतींपैकी चाळीस आधी बांधून दिल्या. मिशनच्या नर्सबाईंची बोट सुटणार होती, त्या पेटी घेऊन गेल्या. तुझं पत्र आलं ते त्यानंतर. ते वाचलं आणि माझा हात थांबला.

तू शिकलेली, मी पुठ्ठे कापणारी. पण विनयी माणूस एकदा नको म्हणतो आणि मग लाजत का होईना, ऐकतो. जो दोनदा लिहून कळवतो त्याच्याकडे कारण असतं. ते तू विचारलंस का? तुझं उत्तर येईपर्यंत बाकीच्या प्रतींना मी सुई लावणार नाही. मालक आरडाओरडा करतोय, करू दे.

रागाने नाही, काळजीने लिहितेय.
आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

नव्हतं विचारलं.

मिशनचे सचिव शनिवारी येऊन गेले. ते पान पाहून ते खुर्चीत बसले. मग सांगितलं की तिकडे या पुस्तकांना बंदी आहे. मास्तरांच्या आधी जे तर्जुमा करायचे त्यांना शाळेच्या वर्गातूनच नेलं. तीन वर्षं झाली, घरच्यांना अजून पत्ता नाही. मास्तरांचं नाव मिशनच्या कागदांतही लिहीत नाहीत. ते मी छापलं, शाळेसकट.

नर्सबाईंना बोटीवर निरोप धाडलाय, पोच आलेली नाही. मास्तरांना सावध करायचं तर तेही बाईंच्याच हाती, दुसरा मार्ग नाही. रविवारी मी मंडळीपुढे उभं राहून सगळं सांगितलं. कोणी रागावलं नाही, उलट दोघी-तिघींनी पाठीवर हात ठेवला, तो मला सहन झाला नाही. बाबा माझं ताट वाढतात आणि मी ते तसंच झाकून ठेवते. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं.

मास्तरांचा धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे. पोस्टमनची सायकल फाटकाशी वाजली की मी हातातलं टाकून फाटकाशी धावते. उरलेल्या प्रतींचं काय करायचं ते तूच सांग.

तुझी


२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

उरलेल्या चारशे साठ प्रतींतून पान काढलं. नुसतं फाडलं असतं तर त्याच घडीतलं जोडीचं पान सुटून आलं असतं, आणि पान गेलंय हेही दिसलं असतं. म्हणून चिंचोळी पट्टी ठेवून कापलं आणि ती पट्टी शेजारच्या पानाला चिकटवली. शोधूनही सापडायचं नाही. कापलेली पानं मी स्वतः मोजून शेगडीत घातली, कामावरच्या बायकांनाही हात लावू दिला नाही.

तुझी चूक नाही असं मी लिहिणार नाही, ते तुला खरं वाटणार नाही. चूक आहे. पण जेवत जा. उपाशी पोटी तुला त्यांच्यासाठी काही करता येणार नाही.

तुझ्यासाठी गुडघे टेकणारी,
आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नर्सबाईंचं पत्र आलं. निरोप मिळताच त्यांनी केबिनचं दार लावून पेटी उघडली आणि एकोणचाळीस पानं फाडून समुद्रात टाकली. चाळिसावी प्रत त्यांनी आदल्याच दिवशी एका सहप्रवाशाला दिली होती. गृहस्थ त्याच देशाचे, बोलायला अतिशय सभ्य, स्वतःहून पुस्तक मागितलं. निरोप पोचला तोवर ते बंदरावर उतरून गेले होते. नाव बाईंनी विचारलं नाही.

बाई मास्तरांच्या घरी गेल्या तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मुलांना घेऊन गावी गेलेत. त्यांना आधीच कळलं म्हणून गेले की आणखी काही, ते तिला ठाऊक नव्हतं, किंवा तिने सांगितलं नाही.

आणि आज पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, सोबत चिठ्ठीही नाही. आत पुढच्या पुस्तकाचे पहिले तीन धडे, तर्जुमा आणि त्याचा उलटा तर्जुमा, दोन्ही नेहमीसारखे नीट टाचलेले. पण दोन्हींवर अक्षर एकच आहे, आणि ते त्यांच्या पत्नीचं. मास्तरांचा हात कुठेही नाही.

पाळकसाहेबांना मी विचारलं की त्यांची चौकशी कुठे करावी. ते म्हणाले, आपण केलेली चौकशीच त्यांना महागात पडेल. मंडळीने एकमताने ठरवलंय की काम चालू ठेवायचं. आता आभाराचं पान असणार नाही. प्रार्थनेच्या वेळी पाळकसाहेब नुसते थांबतात आणि सगळी मंडळी गप्प उभी राहते.

मी मूळ पुस्तक आणि मास्तरांच्या पत्नीचे कागद शेजारी शेजारी ठेवलेत. पहिल्या धड्याच्या सात ओळी ताडून झाल्या. एकही चूक नाही.

लोभ राहू दे. मला त्याची गरज आहे.
मुंगी