सात किलोंत काय काय कोंबू

३ मार्च, मंगळवार

तिकीट निघालं. पुढच्या गुरुवारचं, सकाळचं विमान. आता बॅग कुठली न्यायची?

नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, त्यात काय विचारायचं, चार दिवसांना छोटी पुरे, हातातच ठेव, सात किलोपर्यंत चालते. चार दिवस! हे चार दिवस मीच पसरवलेत सगळीकडे. दुकानात तेच, शेजारी तेच, ठमीलाही तेच. चाळिशी उलटली तरी धाकट्या बहिणीला मी ठमीच म्हणते, आणि ठमीशी मी आजवर एकदाही धड खोटं बोलू शकलेली नाही. पण फोनवर तिचं तोंड दिसत नाही ना — बोलले.

खरं काय ते फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक आणि मला. डॉक्टर त्याला म्हणाले, घरी न्या. पुढे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, घरी त्यांना बरं वाटेल. ठमीला सांगितलंय की औषधाला मध्ये थोडी सुट्टी असते. तिनं मान डोलावली म्हणे.

किती दिवस, हे कुणीच सांगत नाही. मग बॅग भरायची कशी? दुकानात शिवायला टाकायला बाई आली की मी नुसत्या नजरेनं सांगते, किती कापड लागेल. आणि इथे मला काही म्हणजे काही कळत नाही.

५ मार्च, गुरुवार

मोठी न्यायची ठरवलं. ती सामानात टाकायची, उतरल्यावर पट्ट्यावरून उचलायची. माळ्यावरून काढली, पुसली, पलंगावर उघडून ठेवली. जितके दिवस लागतील तितके राहायचं. बस्स!

दुपारी ठमीच्या नवऱ्याचा फोन. मी मोठ्या बॅगेचं सांगितलं. तर म्हणाला, "ताई, मोठी बॅग घेऊन आलात तर तिला कळेल."

त्याची आई हॉस्पिटलात मोठी बॅग घेऊन आली होती म्हणे. ठमीनं आधी बॅगेकडे पाहिलं, मग सासूकडे. त्याला हळूच विचारलं, या राहायला का आल्या? आणि दिवसभर भिंतीकडे तोंड. पाणीसुद्धा पाजू दिलं नाही कुणाला.

त्याचंही खरं आहे. तो बिचारा हसरं तोंड करून घरात वावरतोय, आणि मी जाऊन दारातच त्याचं सोंग उघडं पाडू?

मोठी बंद केली. छोटी काढली. तळ्यात-मळ्यात, तळ्यात-मळ्यात.

६ मार्च, शुक्रवार

छोटी भरून पाहिली. कपडे बसतात, औषधं बसतात. कात्री चालत नाही!

हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. विमानात हातातल्या बॅगेत कात्री नेऊ देत नाहीत. आणि मी तिकडे जाऊन करणार काय? मला रांधून माणसं खूश करता येत नाहीत, गोड बोलता येत नाही. उशाशी बसून हात धरायचा, तर पहिल्या घटकेलाच माझं अवसान गळेल. मला शिवता येतं. तिच्या डाव्या हाताला सुई कायमची लावून ठेवली आहे, हात वर होत नाही. गाऊन डोक्यावरून घालताना ती कळवळते, असं तो म्हणाला. खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी बाही हवी, जागोजागी बंद, गाठ बाहेरच्या बाजूला. असा गाऊन बाजारात मिळत नाही. मी शिवू शकते. मीच शिवू शकते.

काजवाली म्हणाली, इथूनच शिवून न्या. (दुकानात काज-बटणं तीच करते आणि मला अक्कल शिकवायचं कामही तिचंच.) म्हटलं, अंगावर घालून पाहिल्याशिवाय? कात्री तिथे लागणारच. तिच्या घरातली घ्या, म्हणाली. ठमीच्या घरातली कात्री! दुधाच्या पिशव्या कापायची. तिनं कापड कापायचं नसतं, चावायचं असतं.

म्हणजे कात्री न्यायची तर मोठी बॅग. मोठी न्यायची तर तिला कळणार.

८ मार्च, रविवार

मापं मागवली. ठमी झोपली असताना तिच्या नवऱ्यानं मोबाइलच्या चार्जरची वायर तिच्याभोवती गुंडाळली, नखानं खूण धरली आणि मग वायर फूटपट्टीवर मोजली. इंजिनिअर माणूस!

त्यानं छातीचं माप सांगितलं. मी हसले. म्हटलं, वायर वळली असेल, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. तेच.

चुकलाच असणार. ठमीची अंगलट मला ठाऊक नाही? परकरी वयापासून तिचे कपडे मी शिवतेय. खांदे रुंद, दंड भरलेले, शिवून दिलेलं सारखं तट्ट व्हायचं आणि वर मलाच म्हणायची, तू मुद्दाम घट्ट शिवतेस. माझ्या डोक्यातल्या मापानंच बेतणार.

९ मार्च, सोमवार

बेतलं, कच्चं शिवलंही. मऊ सुती, धुतलेलं. एक निळं, एक फिकट पिवळं. थोडं सैलच धरलं.

बाकी काही सुचलं नाही.

१० मार्च, मंगळवार

मोठी बॅग परत काढली. नवऱ्यानं वजनाचा काटा आणला, बॅग उचलून स्वतः त्यावर उभा राहिला, मग बॅग ठेवून नुसता उभा राहिला आणि स्वतःचंच वजन वाढलं म्हणून खट्टू झाला. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. तो तसाच काट्यावर उभा.

भांडण स्वेटरवरून होतं. म्हणजे माझं माझ्याशीच. तिकडे थंडी पडायला अजून कितीतरी महिने आहेत. जाड स्वेटर घेतला तर मी तोवर राहणार — म्हणजे ती तोवर असणार. घेतला नाही तर? तर मीच ठरवल्यासारखं होतं की थंडीपर्यंत... छे! लिहवत नाही.

ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. नवरा म्हणाला, राहू दे, जागा आहे. जागेचा प्रश्नच नाहीये रे बाबा.

मला राग येतो. कुणाचा तेच समजत नाही. डॉक्टरचा? तो तरी काय करणार. ठमीचा सुद्धा आला आज, खरं सांगते. आजारी पडताना हिनं मला विचारलं होतं का?

११ मार्च, बुधवार

तोडगा निघाला. दोन्ही न्यायच्या! छोटी हातात, मोठी सामानात. ठमीचा नवरा विमानतळावर येईल, मोठी त्याच्या गाडीच्या डिकीत टाकायची. तिथून त्याच्या ऑफिसात. लागेल तसा तो पिशवीतून एकेक कपडा आणून देणार, गाऊन आणि कात्री पहिल्यांदा. घरात मी शिरणार ती छोटी बॅग घेऊन. चार दिवसांची पाहुणी. चाराचे आठ झाले की म्हणायचं, तिकीट पुढे ढकललं, दुकानात तसं काम नाही.

फोनवर आम्ही दोघं चोर घरफोडी ठरवतात तसे कुजबुजत होतो. तो म्हणाला, ताई, आपण करतोय ते बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबरच आहे. कशावरून म्हटलं, देव जाणे.

काजवालीच्या हाती दुकानाच्या किल्ल्या दिल्या. तिनं विचारलं, सोमवारी येताय ना? मी नुसतं हुं केलं. तिनं किल्ल्या पदराआड धरल्यासारख्या मुठीत घट्ट धरल्या आणि म्हणाली, सावकाश या.

१२ मार्च, गुरुवार

पोचले. बॅग पोचली नाही.

आधी निघतानाच्या तपासणीत छोटी बॅग उघडायला लावली. टाचण्यांच्या उशीत दोरे तोडायची चिमुकली कात्री खुपसलेली राहिली होती! तपासणारी पोर लेकीच्या वयाची. माफ करा आजी म्हणत तिनं ती डब्यात टाकली. आजी! असो.

उतरल्यावर पट्ट्यापाशी उभी राहिले. लाल बॅग, काळी बॅग, दोरीनं बांधलेलं खोकं. तेच खोकं फिरून फिरून येत राहिलं. माणसं आपापलं उचलून गेली. मग खोकंही कुणी नेलं. पट्टा थांबला तरी मी उभीच. काउंटरवरच्या माणसानं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, दुसऱ्याच गावी गेलेली दिसते, उद्या-परवा पत्त्यावर आणून देऊ. मी त्याला ठमीच्या नवऱ्याच्या ऑफिसचा पत्ता दिला. दोनदा म्हणवून घेतला त्याच्याकडून.

ठमीचा नवरा गाडी घेऊन आला होता. रिकामी डिकी.

दार उघडंच होतं. ठमी खुर्चीत बसली होती, केस विंचरून. तिनं पाहिलं — आधी बॅगेकडेच.

"एवढीच?" म्हणाली.

चारच दिवस तर आहेत, मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं. काय जमलं मला खोटं बोलणं! तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहून सुटकेचा श्वास सोडला.

१३ मार्च, शुक्रवार

वायर बरोबर होती.

सकाळी तिला गाऊन बदलायला मदत केली. बदलायला म्हणजे ती कळवळत राहिली आणि मी, सॉरी ठमे, सॉरी ठमे, म्हणत राहिले. खांद्यांची हाडं वर आलीत. दंड माझ्या मुठीत मावतो. त्या बॅगेतले माझे दोन्ही गाऊन हिच्या अंगावर तंबू होणार आहेत. "थोडं सैलच धरलं" म्हणे! आणि उसवून लहान करायचे तर कात्रीही त्याच बॅगेत, आणि बॅग कुठल्या गावी फिरतेय कुणास ठाऊक.

दिवसभर हात मांडीवर घेऊन बसले. माझे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. दुपारी न राहवून दुधाच्या पिशवीच्या कात्रीनं तिच्याच जुन्या गाऊनची बाही उसवायला घेतली, तर भलतीकडेच फाटली. ठेवून दिली.

ठमी पडल्या पडल्या बघत होती. दुकान कुणावर टाकलंस, विचारलं. काजवालीवर, म्हटलं. मग थोड्या वेळानं, डोळे मिटून — "म्हणजे सोमवारी जाशील."

हो म्हटलं. काय म्हणणार होते दुसरं?

तिनं तोंड भिंतीकडे केलं. दुखत असेल. विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाली. पाणी देऊ? नको म्हणाली. तिचा नवरा दारात उभा, मी पलंगापाशी. मोठ्या बॅगेशिवायच हे असं का झालं, कळलं नाही मला.

१४ मार्च, शनिवार

बॅग आली. घरी आली!

मी आंघोळीला, तिचा नवरा औषधांच्या दुकानात. बेल वाजली. थांब, थांब, मी आतून ओरडले, पण पाण्याच्या आवाजात कोण ऐकणार. दार ठमीनं उघडलं, भिंत धरत धरत. काउंटरवर मी पत्ता दिला होता ऑफिसचा. पण दुकानात प्रत्येक गाठोड्याला चिंधी टाचायची सवय — ज्याचे कपडे त्याचं नाव, त्याचा पत्ता. ती चिंधी मी बॅगेच्या कडेला स्वतःच्या हातानं पक्की शिवली होती, ठमीच्या नावाची. बॅग आणणाऱ्यानं तेवढंच वाचलं.

ओल्या केसांनी बाहेर आले. दारात भली मोठी बॅग. ठमी तिच्यावर हात टेकून उभी.

"आत घे," म्हणाली.

खोलीत तिनं कपाटाचं दार ओढलं. मधले दोन कप्पे रिकामे. पुसलेले, खाली कोरा कागद अंथरलेला. तिचे कपडे कुठे गेले, मी विचारलं नाही. कधी केलंस हे, एवढंच विचारलं.

"तू येतेस म्हणालीस त्याच दिवशी. बसेल ना तुझं यात?"